लेकरांच्या पोटातील जंत व शहराची जबाबदारी

जे संकट एका रात्रीत कोसळते त्याने आपला समाज खडबडून जागा होतो. जे संकट दररोज थोडे थोडे येते त्याची त्यास सवय होऊन जाते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीची भूमी हादरली तेव्हा साऱ्या देशातून मदतीचा ओघ मराठवाड्याकडे वळला. एप्रिल २०१६ मध्ये लातूरकरांची तहान भागविण्याकरिता मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले तेव्हा त्या गाडीची बातमी घरोघर वाचली गेली. ही जागृती योग्यच होती. परंतु आमच्या नांदेड व लातूर जिल्ह्यांतील लेकरांच्या आतड्यांत घर करून, त्यांच्या अन्नातील व रक्तातील वाटा दररोज बिनबोभाट उचलणारा जो चोर आहे, त्याच्याविषयी कोठे जाहीर सभा भरली, कोठे व्यापारी मंडळाने ठराव केला, असे आमच्या ऐकिवात नाही. हा चोर म्हणजे जंत होय. विषय कित्येकांस किळसवाणा वाटेल. पण ज्याचा उच्चार करण्यास सभ्य माणूस लाजतो, त्याचाच उपद्रव सभ्य माणसाच्या घरात अधिक काळ टिकतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगातील सुमारे १५० कोटी माणसांच्या पोटात मातीतून पसरणारे कृमी आहेत. म्हणजे दर चार माणसांमागे जवळजवळ एक. भारतात १ ते १४ वर्षे वयाच्या सुमारे २४ कोटी मुलांस ह्या कृमींचा धोका असल्याचे तिचे अनुमान होते. म्हणूनच केंद्र सरकारने फेब्रुवारी २०१५ मध्ये काही राज्यांत राष्ट्रीय जंतनाशक दिन सुरू केला व पुढच्याच वर्षी तो देशभर नेला. फेब्रुवारी व ऑगस्ट महिन्यांची १० तारीख हे त्याचे ठरलेले दिवस. काही वर्षी तारीख मागेपुढे होते, आणि गैरहजर मुलांकरिता पुढे आणखी एक दिवस राखून ठेवलेला असतो. अंगणवाडीत व शाळेत त्या दिवशी अल्बेंडाझोलची गोळी विनामूल्य मिळते. इतकी सोय असूनही पुष्कळ सुखवस्तू घरांत समजूत अशी की, हा गरिबांच्या मुलांचा रोग आहे. आमच्या बंगल्यात, आमच्या फरशीवर जंत येणार कोठून? ज्या लातूर शहरात एकेका गुणासाठी पालक जिवाचे रान करतात व ‘लातूर पॅटर्न’चे नाव अभिमानाने घेतात, तेथेही शिकवणीचे वेळापत्रक ज्यांस तोंडपाठ आहे, त्यांतील कितीजणांस आपल्या मुलाने ही गोळी शेवटची केव्हा घेतली हे सांगता येईल?

तेव्हा प्रथम प्रश्न हा की, मुलास जंत झाले आहेत हे ओळखावे कसे? वकिली धंद्यात एक नियम आहे: आरोप कितीही जुना व सर्वतोमुखी असला, तरी पुराव्यावाचून तो शाबीत होत नाही. हा नियम येथे लावला म्हणजे आपल्या घरोघरच्या पुष्कळ साक्षी खोट्या ठरतात. मूल झोपेत दात खाते म्हणून त्यास जंत आहेत, हे सिद्ध होत नाही. जंत नसलेली मुलेही दात खातात. चेहऱ्यावर पांढुरके डाग उठले म्हणजे जंत, हाही तर्क कच्चा. असे डाग बहुधा त्वचेच्या कोरडेपणाचे असतात. गूळसाखर खाल्ल्याने जंत होतात, ही समजूत तर आईस दोष देण्यापुरतीच उपयोगी पडते. जंत गोडातून जन्मत नाही. तो अंड्यातून जन्मतो, आणि ते अंडे दुसऱ्या कोणाच्या तरी विष्ठेतून मातीत व मातीतून तोंडात गेलेले असते. मुलाच्या हातात लाडू देणाऱ्या आईपेक्षा, ती माती घाण होऊ देणारा गावच येथे खरा आरोपी आहे.

आता खरा पुरावा कोणता ते पाहू. ह्या कृमींच्या जाती अनेक आहेत आणि प्रत्येकीची खूण निराळी आहे.

पहिला, ज्यास आपण नेहमी जंत म्हणतो तो गोलकृमी. गांडुळासारखा, पांढुरका अथवा गुलाबीसर, वीतभर वा त्याहूनही लांब. ह्याची मादी दिवसास दोन लाखांपर्यंत अंडी घालते. तो शौचात अथवा उलटीत दिसला म्हणजे वेगळा पुरावा नको. अंड्यातून निघालेली अळी आतड्यातून रक्तात व रक्तातून फुप्फुसात फिरून पुन्हा आतड्यात येते. त्यामुळे मधल्या काळात कित्येक मुलांस खोकला व धाप लागते. पुढे पोट मुरडणे, पोट फुगणे, अन्न अंगी न लागणे ही लक्षणे दिसतात. परंतु कृमी थोडे असले तर कोणतेही लक्षण दिसत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

दुसरा अंकुशकृमी. हा आकाराने लहान, पण रक्ताच्या हिशेबाने सर्वांत महाग. अँजेलो दुबिनी नामक इटालियन डॉक्टराने १८३८ मध्ये मिलान येथे शवविच्छेदन करताना तो प्रथम पाहिला. ह्याची अळी ओलसर मातीत वाट पाहत असते व अनवाणी पायाच्या कातडीतून थेट आत शिरते. आतड्यास चिकटून हा कृमी, जातीप्रमाणे, दिवसास ०.०३ ते ०.२ मिलिलिटर रक्त घेतो. आकडा क्षुद्र दिसतो. पण शंभर कृमी असतील तर रोजचे ३ ते २० मिलिलिटर, म्हणजे जास्तीत जास्त चार चहाचे चमचे रक्त. ज्या पेढीच्या गल्ल्यातून दररोज रोकड गळते ती पेढी किती दिवस चालेल, हे आमच्या व्यापारी वाचकांस सांगावयास नको. पायास खाज, पुढे डोळ्यांच्या पापण्यांची आतील बाजू, जीभ व नखे फिकी पडणे, थोड्या धावण्याने दम लागणे, माती अथवा खडू खाण्याची ओढ, ह्या त्याच्या खुणा. असे मूल वर्गात पेंगते. त्यास मास्तर आळशी म्हणतात, बाप मंद म्हणतो, आणि रक्ताची तपासणी मात्र कोणी करीत नाही.

तिसरा प्रतोदकृमी, म्हणजे चाबकासारखा. तो फार झाला तर शौचास वारंवार कळ येते, आव व रक्त पडते, आणि क्वचित गुदद्वार बाहेर येते. चौथा सूत्रकृमी, पांढऱ्या सुताच्या तुकड्यासारखा. मूल रात्री गुदद्वाराजवळ खाजवून जागे होत असेल तर ह्याचाच संशय घ्यावा; कारण मादी रात्री बाहेर येऊन तेथे अंडी घालते. त्याची अंडी शौचाच्या तपासणीत बहुधा सापडत नाहीत. सकाळी मुलास धुण्यापूर्वी त्या जागी पारदर्शक चिकटपट्टी लावून ती सूक्ष्मदर्शकाखाली पाहावी लागते. शौचात चपट्या फितीचे पांढरे तुकडे दिसले तर तो पट्टकृमी. त्यावरील औषधयोजना वेगळी, ती डॉक्टरांनीच करावी.

ह्या सर्व खुणांपलीकडे निर्णायक साक्ष शौचाच्या तपासणीची. ती साधी व स्वस्त आहे. मूल वाढत नाही, फिके दिसते, पोटदुखी वारंवार होते, अशी शंका असल्यास आठ दिवस तर्क करीत बसण्यापेक्षा ती एकदा करून घ्यावी.

उपचाराचे म्हणाल तर ह्या बाबतीत आजचे वैद्यकशास्त्र उदार आहे. जंतनाशक दिनी एक वर्षाखालील मुलास गोळी देत नाहीत. एक ते दोन वर्षांच्या मुलास ४०० मिलिग्रॅमची अर्धी गोळी चुरून पाण्यातून देतात. दोन वर्षांपुढे एकोणीस वर्षांपर्यंत पूर्ण गोळी देतात; दोन ते तीन वर्षांच्या मुलास ती चुरून पाण्यातून देतात, त्यापुढील मुलांस नीट चावून खाण्यास सांगतात. मूल त्या दिवशी आजारी असेल तर बरे झाल्यावर द्यावी. मुलास पूर्वी झटके येऊन गेले असतील किंवा त्याचे दुसरे औषध चालू असेल, तर आधी डॉक्टरांस विचारावे. ज्याच्या पोटात कृमी अधिक, त्यास गोळीनंतर किंचित मळमळ, पोटदुखी वा डोकेदुखी होते व थोड्या वेळात ती शमते. तेवढ्यावरून ‘गोळीने बाधा झाली’ अशी आवई उठवून सारी शाळा घाबरविणे हा अपराध आहे. गोलकृमीवर एकच गोळी उत्तम चालते, अंकुशकृमीवर चांगली चालते, प्रतोदकृमीवर अपुरी पडते. म्हणून लक्षणे राहिल्यास पुन्हा तपासणी करावी. सूत्रकृमी असल्यास घरातील सर्वांनी एकाच दिवशी औषध घ्यावे, दोन आठवड्यांनी पुन्हा घ्यावे, नखे कापावीत, व अंथरूण-पांघरूण कढत पाण्यात धुवावे. फिके पडलेल्या मुलास केवळ जंत पाडून भागत नाही. गळती थांबली तरी गेलेले भांडवल भरून काढावयास हवे, म्हणून लोहाचे औषध व त्याबरोबर डाळी, पालेभाज्या, लिंबू ह्यांची जोड द्यावी.

एक इशारा मात्र मोठ्या अक्षरांत लिहिण्याजोगा आहे. जंत पुष्कळ झाले म्हणजे त्यांचा गुंता होऊन आतडे बंद पडू शकते. पोटात जोराच्या कळा, वारंवार उलट्या, पोट ताठ फुगणे, शौच व वारा दोन्ही बंद, अशी अवस्था दिसताच एरंडेल, जुलाब वा जंताची गोळी ह्यांपैकी काहीएक न देता मुलास तत्काळ शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात न्यावे. ह्या कामी नांदेड येथे डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे व लातूर येथे विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्थेचे रुग्णालय आहे. वाटेत देवऋषी वा उतारा ह्यांत एक प्रहर जरी गेला तरी तो जिवाशी खेळ ठरतो.

येथे काही वाचक म्हणतील, ‘आमच्या आजीने वावडिंग उगाळून आम्हांस जगविले, परदेशी गोळीचे एवढे स्तोम कशाला?’ त्यांस आमचे उत्तर आहे की, आपल्या शास्त्राचा अभिमान असेल तर ते पूर्ण वाचावे. चरकसंहितेच्या विमानस्थानातील सातव्या अध्यायात कृमींचे वीस प्रकार सांगून त्यांची चिकित्सा तीन अंगांनी करावयास सांगितली आहे. पहिले अपकर्षण, म्हणजे असलेले कृमी बाहेर काढणे. दुसरे प्रकृतिविघात, म्हणजे ज्या स्थितीत ते वाढतात ती स्थिती मोडणे. तिसरे, ज्या कारणांनी ते होतात ती कारणेच टाळणे. आजी जे वावडिंग देत होती ते ह्या चिकित्सेचे एक अंग. सरकार जी गोळी देते तेही, कितीही प्रभावी असली तरी, मुख्यत्वे पहिलेच अंग. कारणवर्जनाचे तिसरे अंग आजीच्या काळी उपेक्षित होते व आजही उपेक्षितच आहे.

ही केवळ ग्रंथोक्त गोष्ट नव्हे. उत्तर प्रदेशात सुमारे दहा लाख बालकांस पाच वर्षे दर सहा महिन्यांनी अल्बेंडाझोल देऊन पाहण्यात आले. २०१३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला की, त्याने बालमृत्यूंत म्हणण्यासारखी घट झाली नाही. उलट पश्चिम केनियातील शाळांत जंतनाशक दिल्याने गैरहजेरी चतुर्थांशाने कमी झाल्याचे २००४ मध्ये मांडले गेले, व त्या निष्कर्षावरही पुढे बराच वाद झाला. सर्व प्रयोगांचे एकत्र परीक्षण करणाऱ्या तज्ज्ञांस सरसकट सर्व मुलांचे वजन व रक्त ह्यांवर गोळीचा सरासरी परिणाम नगण्य दिसतो. ह्यावरून गोळी निरुपयोगी ठरते काय? मुळीच नाही. ज्याच्या पोटात कृमी नाहीत त्याचे वजन गोळीने वाढावे तरी का? ज्याच्या पोटात ते भरपूर आहेत त्याचा लाभ सरासरीत बुडून जातो, एवढाच ह्याचा अर्थ. गोळी स्वस्त आहे, निर्धोक आहे, म्हणून प्रत्येक मुलाने ती घ्यावी. परंतु गोळी पोटातले कृमी पाडते, मातीतले नव्हे. आणि माती तशीच राहिली तर काही महिन्यांत पोट पूर्ववत भरते.

ही माती आपल्याकडे घाण कशी होते? ग्रामीण भारत उघड्यावरील शौचापासून मुक्त झाल्याची घोषणा २ ऑक्टोबर २०१९ रोजी झाली. घोषणा झाली म्हणजे सवय मोडली असे होत नाही. ओडिशातील शंभर गावांत झालेल्या एका प्रयोगात शौचालये असलेल्या घरांचे प्रमाण शेकडा ९ वरून ६३ वर गेले, तरी मुलांतील अतिसार वा कृमी घटल्याचे आढळले नाही. हे २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. कारण भिंती बांधल्या गेल्या तरी सारे घर त्यांचा उपयोग करीलच असे नाही, आणि तान्ह्या मुलांची शी तर अंगणातच पडते. ‘लहान लेकराची शी निरुपद्रवी’ ही समजूत तर सर्वांत घातक. जंत लेकरांतच अधिक, म्हणून त्यांच्याच विष्ठेत अंडी अधिक. मराठवाड्यात ह्यात पाण्याची अडचण मिळते. मांजरा धरण आटले म्हणजे लातुरात काय होते ते सर्वांनी २०१६ साली पाहिले आहे. जेथे पिण्याचे पाणी मोजून वापरावे लागते तेथे शौचालयात ओतण्यास व हात धुण्यास ते राखून ठेवण्याची शिस्त गृहिणीवर न टाकता नगरपालिकेने पाणी वाटतानाच धरली पाहिजे.

शहरातील संडासांच्या टाक्या भरतात, टँकर येतो व मैला उपसून नेतो. तो कोठे रिता होतो, हे कोणा घरमालकाने विचारले आहे काय? ताजा मैला नाल्यात वा शेतात पडला, तर त्यातील अंडी ओलसर सावलीत दोनचार आठवड्यांत पक्व होतात, वर्षानुवर्षे जिवंत राहू शकतात, आणि कोथिंबिरीच्या जुडीबरोबर त्याच बंगल्याच्या स्वयंपाकघरात परत येतात. फरशीवर जंत येणार कोठून, ह्या प्रश्नाचे उत्तर हे असे आहे. कच्च्या खाण्याच्या भाज्या वाहत्या पाण्यात नीट धुणे, शौचानंतर व जेवणापूर्वी साबणाने हात धुणे, मुलांच्या पायांत चप्पल असणे, ह्या तीन गोष्टी घरच्या घरी करता येतात. पण टँकरचा मार्ग घरास ठरविता येत नाही.

आणखी एक वर्ग आहे, ज्याचे नाव शाळेच्या पटावर असते पण मूल शाळेत नसते. नांदेड व लातूर जिल्ह्यांतील डोंगराळ गावांतून व तांड्यांवरून ऊसतोडीस जाणारी कुटुंबे दिवाळीच्या सुमारास निघतात व गाळप संपल्यावर परततात. फेब्रुवारीतील गोळी वाटली जाते तेव्हा त्यांची लेकरे कारखान्याच्या फडावर, कोपीजवळच्या ओल्या मातीत अनवाणी खेळत असतात. शाळाबाह्य मुलांसही अंगणवाडीत गोळी द्यावी असा योजनेचा नियम आहे. तो फडावर पोचविणे हे कारखान्याचे व तेथील आरोग्य केंद्राचे काम आहे. परत आल्यावर गावच्या आशाताईने त्या मुलांची यादी करून राहिलेली गोळी दिली, तर हे सहज साधेल.

नगरपालिका व महानगरपालिका ह्यांस ‘पैसा नाही’ हे उत्तर देता येते काय? कायदा म्हणतो, नाही. मध्य प्रदेशातील रतलाम येथील रहिवाशांनी उघडी गटारे व संडासांचा अभाव ह्यांविरुद्ध दंडाधिकाऱ्याकडे दाद मागितली. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, आणि १९८० मध्ये न्यायमूर्ती कृष्ण अय्यर ह्यांनी निर्णय दिला की, निधीची टंचाई ही सार्वजनिक स्वच्छतेचे वैधानिक कर्तव्य टाळण्यास सबब होऊ शकत नाही. ज्या कलमाखाली ती दाद मागितली होती त्याच्या जागी आज भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १५२ आहे. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे गटारे व स्वच्छतागृहे ही महानगरपालिकेची बंधनकारक कर्तव्ये आहेत. नांदेड-वाघाळा महानगरपालिका १९९७ पासून व लातूरची २०११ पासून ह्या कर्तव्याने बांधलेल्या आहेत. मैला उपसण्याकरिता माणसास संरक्षक साधनांवाचून गटारात उतरविणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा ठरविले आहे. तेव्हा यंत्राने उपसलेला मैला शुद्धीकरण केंद्रातच रिता झाला पाहिजे, हा आग्रह नागरिकांनी धरावा व टँकरच्या प्रत्येक खेपेची नोंद मागावी.

व्यापारी बंधूंस आमचे शेवटचे सांगणे. नांदेडच्या नव्या मोंढ्यात व लातूरच्या बाजारपेठेत हमाल, धान्य पाखडणाऱ्या बाया व त्यांची कडेवरची लेकरे दिवसभर असतात. त्यांच्याकरिता पाण्यासह स्वच्छ संडास व हात धुण्याची मोरी किती आडतींपुढे आहे, हे एकदा चालत जाऊन मोजावे. धर्मादायाच्या खात्यावर रक्कम पडतच असते. तीतून दोन नळ व चार संडास झाले, आणि रोज साफ ठेवण्यास योग्य पगारावर माणूस नेमला, तर तो दानधर्म आपल्याच घरच्या लेकरांच्या पोटापर्यंत पोचेल. कारण मालकाचे मूल व हमालाचे मूल ह्यांच्या शाळा वेगळ्या असतील, ताटे वेगळी असतील, परंतु गावची माती व बाजारची भाजी त्यांस एकच आहे. पुढचा जंतनाशक दिन येईल तेव्हा आपल्या मुलाने गोळी चावून खाल्ली की नाही हे प्रत्येक बापाने स्वतः विचारावे. आणि त्याच संध्याकाळी आपल्या प्रभागाच्या नगरसेवकास, आपल्या टाकीतला मैला कोठे जातो, हेही विचारावे. पहिल्या प्रश्नाने पोट साफ होईल. दुसऱ्याचे उत्तर मिळेपर्यंत तो विचारीत राहिल्यानेच माती साफ होईल.